अक्षराचा आकार अकरा

सोमवार, ४ मार्च

मोठी कामं करणाऱ्यांना लोक पुढे विचारतात, सुरुवात नेमकी कधी झाली? तेव्हा तारीख आठवत नाही. म्हणून ही वही.

तर सुरुवात आज सकाळी साडेदहाला झाली. मॅडमनी सगळ्यांना उभं करून जाहीर केलं की टीमची प्रोफाइल आजपासून मी सांभाळणार. मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीणबाई. मोजकं बोलतात, त्यामुळे त्यांची बहुतेक वाक्यं मला पाठ आहेत. टाळ्या वाजल्या. अकरा माणसांच्या वाजतात तेवढ्याच. काकांनीही वाजवल्या, पण माझ्याकडे न बघता, माझ्या शेजारच्या कुंडीकडे बघून.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत ग्रंथपाल आहे, तिला सोपं करून सांगावं लागतं. म्हटलं, "आम्ही ज्या खिडकीत कोड लिहितो ना, तिची मांडणी प्रत्येकाची वेगळी. कुणाचं अक्षर मोठं, कुणाचं बारीक. कुणाची पाटी काळी, कुणाची पांढरी. मी एकच मांडणी ठरवणार, तिची एक प्रोफाइल करणार, आणि तीच सगळ्यांच्या मशीनवर चढणार."

"म्हणजे सगळ्यांच्या नाकावर एकाच नंबरचा चष्मा?"

"अगं, शिस्त म्हणून!"

"शिस्तीचा चष्मा," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. आमच्या घरात दूरदृष्टीचं माणूस एकच आहे.

गुरुवार, ७ मार्च

तीन दिवस अभ्यास केला. अभ्यास म्हणजे प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभं राहून पाहणं. नुसता गोंधळ आहे. एकाची खिडकी गुलाबी. एकाने कोडच्या मागे स्वतःच्या मांजराचा फोटो लावलाय, त्यामुळे चूक नेमकी मिशीवर दिसते.

पण सगळ्यांवर कडी काकांची. पूर्ण ऑफिस त्यांना काका म्हणतं. सत्तावन्न वर्षांचे आहेत आणि आमच्याकडचं सगळ्यात जुनं काम त्यांच्याच हातचं. त्यांच्या स्क्रीनवर अक्षर एवढं मोठं की जेमतेम बारा ओळी मावतात. वर पिवळंधमक, काळ्यावर. मी म्हटलं, "काका, कोड लिहिताय की दुकानाची पाटी रंगवताय?" सगळे हसले. काकाही हसले. फिर्याद तेवढी हसली नाही.

फिर्याद म्हणजे आमची टेस्टर. रोज कुणाच्या तरी कामाविरुद्ध तक्रार नोंदवते म्हणून हे नाव. तिला विनोद कळत नाही.

बारा वर्षांपूर्वी मला कोड लिहायला काकांनीच शिकवलं. हे ते कधी बोलून दाखवत नाहीत. तेच मला बोचतं.

सोमवार, ११ मार्च

प्रोफाइल लागू झाली! अक्षराचा आकार अकरा. अंग सडपातळ. रंग राखाडी, गडद पाटीवर. एका नजरेत सत्तर ओळी. पाहिलं की कसं इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखं वाटतं.

आणि सगळी सेटिंग कुलूपबंद. कुणाला काही बदलून हवं असेल तर मी बनवलेला अर्ज भरायचा: नाव, मागणी, कारण (तीन ओळींत). निर्णय माझा.

गुलाबीवाला दिवसभर माझ्याशी बोलला नाही. सुधारणा करणाऱ्याला हे सोसावं लागतं.

बुधवार, १३ मार्च

पहिला अर्ज. काकांचा. मागणी: अक्षराचा आकार बावीस. कारण: "वाचायला बरं पडेल."

मी उत्तर लिहिलं: "वैयक्तिक आवड हे कारण ग्राह्य धरता येणार नाही."

वाक्य चांगलं जमलं. दोनदा वाचलं.

शुक्रवार, १५ मार्च

प्रिंटरजवळ कागदांचा ढीग. काका कोड छापून घेतात, मोठ्या अक्षरांत, आणि खिडकीपाशी उभे राहून कागद तिरका धरून वाचतात. एका पानावर वीस ओळी! संध्याकाळी सगळ्यांना सूचना पाठवली की कोड छापायला मनाई आहे, कागदाची नासाडी होते. काकांचं नाव घेतलं नाही. तेवढं सौजन्य मी पाळतो.

दुपारी त्यांचा दुसरा अर्जही आला होता. उत्तर: "अक्षर मोठे केल्यास ओळी कमी दिसतात. संस्थेचे हित पाहावे."

मंगळवार, १९ मार्च

नवीन प्रकार. फिर्याद दिवसातून चार वेळा काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि दोघं कुजबुजतात. मी सहज मागून गेलो तर ती त्यांना कोड वाचून दाखवत होती! ओळ न् ओळ. राजेसाहेब डोळे मिटून ऐकतायत.

"काका, हे काय?"

"ऐकून विचार चांगला होतो रे," ते म्हणाले. बोलताना माझ्या डोळ्यांत बघत नाहीत, कानाकडे बघतात. मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस असं करत नाही.

फिर्याद म्हणाली, "सर, मी माझं काम संपवूनच बसते."

"प्रश्न कामाचा नाही, गट पडण्याचा आहे," मी म्हटलं. तिचं टेबल दुसऱ्या टोकाला, जिन्याजवळ हलवलं. तिने एका शब्दाने विरोध केला नाही. मुद्दा तिला पटला असावा.

शुक्रवार, २२ मार्च

आज मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या! प्रोफाइल लागू झाल्यापासूनचा तक्ता निघालाय: कुणी कोडमध्ये किती बदल केले. माझ्या नावावर चारशे बारा. दुसऱ्या नंबरवर कोण? कुणीच नाही. बाकी सगळे शून्याच्या आसपास.

"प्रोफाइल सांभाळून एवढं काम?" मॅडम म्हणाल्या. "कमाल आहे."

खरं तर मलाही कमाल वाटली. पण शिस्त लागली की माणसाच्या हातून किती काम होतं याचा त्याला स्वतःलाच अंदाज येत नाही. घरी येताना बायकोसाठी फुलं घेतली. तिने विचारलं, "काय केलंस?" मी म्हटलं, "चारशे बारा बदल." ती म्हणाली, "तसं नाही, फुलं आणण्यासारखं काय केलंस, ते विचारतेय."

सोमवार, २५ मार्च

फिर्यादीने जेवणाच्या सुट्टीत गाठलं. हळू आवाजात म्हणाली, "सर, प्रोफाइल बनवताना तुमच्या मशीनवरचं नाव आणि ईमेलपण तिच्यात गेलंय. ती आमच्या मशीनवर चढली, तेव्हापासून सगळ्यांचं काम तुमच्या नावावर पडतंय."

मी म्हटलं, "बघतो."

"एक ओळ काढायची आहे फक्त. दोन मिनिटांचं काम आहे."

"बघतो म्हटलं ना."

पाहिलं. तिचं खरं आहे. चारशे बारांतले माझे खरे एकोणीस निघाले, आणि त्यातले अकरा प्रोफाइलचेच.

आता ही वही खाजगी आहे म्हणून लिहितो: ओळ काढायला हात गेला आणि थांबला. मॅडम "कमाल आहे" म्हणून तीन दिवस झालेत. लगेच जाऊन "कमाल नाही" कसं सांगायचं? महिनाअखेर होऊ दे. मग तांत्रिक सुधारणा म्हणून गुपचूप काढून टाकू. तोवर कुणाचं काही बिघडत नाही. पगार तर प्रत्येकाला आपापलाच मिळतोय.

बुधवार, २७ मार्च

विशेष काही नाही. काकांचा तिसरा अर्ज. उत्तर: "हीच विनंती यापूर्वी दोनदा नाकारली आहे. कृपया आधीची उत्तरे नीट वाचावीत."

काका हल्ली नाक स्क्रीनला टेकवून बसतात. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

शुक्रवार, २९ मार्च

काकांचा चौथा अर्ज. उत्तर: "तीन पाहा."

आमच्याकडे प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी तपासून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. हल्ली मंजुरी मीच देतो. आज चव्वेचाळीस दिल्या. दातांच्या दवाखान्यांच्या कामात एका ओळीच्या सुरुवातीला दोन जागा मोकळ्या सोडल्या होत्या, चार हव्यात. लगेच टिप्पणी लिहून दुरुस्त करून घेतलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

मंगळवार, २ एप्रिल



आमचे एक मोठे ग्राहक आहेत, सात दातांचे दवाखाने. पेशंटना भेटीच्या वेळेचे निरोप आमच्या प्रोग्रॅममधून जातात. त्यांना दुपारचं सत्र दोनऐवजी एकला सुरू करायचं होतं. म्हणजे चोवीस तासांच्या घड्याळात चौदाच्या जागी तेरा लिहायचं. कुणीतरी अठरा लिहिलं.

काल दुपारच्या सगळ्या पेशंटना संध्याकाळी सहानंतर या, असे निरोप गेले. सात दवाखान्यांत डॉक्टर दुपारभर माश्या मारत बसले. आणि सहाला, शटर ओढायच्या वेळी, दारात एकशे चाळीस माणसं, गाल धरून. एका दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या बाईंनी आज फोनवर मला जे ऐकवलं ते मी खाजगी वहीतही लिहू शकत नाही.

मॅडमनी नोंद उघडली. बदल करणारा: मी. तपासून मंजुरी देणारा: मी. मंजुरीखालची टिप्पणी: "दोन नाही, चार जागा सोडाव्यात."

मॅडमनी ती टिप्पणी वाचली. मग म्हणाल्या, "शुक्रवारी बोलू."

बुधवार, ३ एप्रिल

टीमला गोळा केलं. मोकळेपणाने म्हटलं, "हे बघा, नोंदीत नाव माझं असलं तरी तो बदल माझा नाही. कुणाचा आहे?"

गुलाबीवाला म्हणाला, "सर, चारशे बारा तुमचे होते, मग हा एकच आमचा कसा?"

मांजरवाल्याला खोकला आला. फिर्याद जिन्याजवळून उठून आलीच नव्हती. तिथूनच माझ्याकडे बघत होती. तिने तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला रागवता आलं असतं.

मशीन कुठलं होतं ते शोधून काढता येईल. पण शोधायला गेलो की पहिला प्रश्न येणार: नावाचा घोळ तुम्हाला कधी कळला? कारण फिर्यादीने मला पंचवीस तारखेला सांगितलंय. आणि तिला तारखा पाठ असतात.

बायकोने विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, "दात दुखतोय." कुठून सुचलं देव जाणे.

गुरुवार, ४ एप्रिल

संध्याकाळी ऑफिस रिकामं होत असताना काका आले. माझ्या टेबलाची कड हाताने चाचपली, मग खुर्ची, मग बसले.

"तो तेरा-अठराचा बदल माझा आहे," म्हणाले.

"काका, अहो, तेराचे अठरा कसे होतील?"

"इंग्रजी तीन आणि आठ. तुझ्या त्या बारीक अक्षरात मला दोन्ही सारखेच." मग जरा थांबून, "सारखेच म्हणजे, खरं सांगू का, दिसतच नाहीत. मधोमध डाग असतो. मी ज्याच्याकडे बघतो तेच नाहीसं होतं, आजूबाजूचं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

मनात एकेक गोष्ट येऊन उभी राहायला लागली. कुंडी, कागद, जिन्याजवळचं टेबल. एकेकीला बाजूला सारलं.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. गाडी चालवणं सोडलं तेव्हापासून."

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? दृष्टी चाललेला माणूस कोडमधल्या चुका शोधतो, हे कुठल्या कंपनीला पटेल? घरात बायको आजारी, नोकरीची दोन वर्षं राहिलीत. मोठ्या अक्षरात माझं छान चाललं होतं रे. कागदावरही जमत होतं. ती पोरगी वाचून दाखवायची, तेही जमत होतं." आवाजात तक्रार नव्हती. असती तर उत्तर देता आलं असतं.

"फिर्यादीला ठाऊक होतं?"

"टीममध्ये सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुला वगळून."

हे ऐकून आधी वाईट वाटलं, असं लिहायला मला आवडेल. पण आधी वाटलं ते "सुटलो". चूक दुसऱ्याची आहे, तो स्वतः कबूल करतोय, आणि त्याला कारणही आहे. वाईट त्यानंतर वाटलं, बसमध्ये.

"उद्या मीच सांगतो मॅडमना," काका म्हणाले. "तुझ्यावर कशाला?"

"नको" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि जांभई आल्यासारखं करून मिटलं. त्यांना ते दिसलं नसेल, असं समजून चाललोय.

शुक्रवार, ५ एप्रिल

बैठक. मॅडम, काका, मी, आणि फिर्याद, कारण चुकांची वही तिच्याकडे असते.

काकांनी सरळ सांगितलं. डोळे, डॉक्टर, तेरा, अठरा. "चूक माझी. सोडून जा म्हणालात तरी हरकत नाही," म्हणाले. हरकत होती, हे खोलीतल्या चौघांनाही दिसत होतं.

मॅडमनी विचारलं, "अक्षर मोठं का नाही करून घेतलंत?"

"चार वेळा अर्ज केला."

मॅडमनी ड्रॉवरमधून कागद काढले. छापलेले. त्या अर्ज मोठ्याने वाचायला लागल्या, प्रत्येकाखालच्या माझ्या उत्तरासकट. "वैयक्तिक आवड हे कारण ग्राह्य धरता येणार नाही." मग दुसरा. मग तिसरा: "कृपया आधीची उत्तरे नीट वाचावीत."

इथे त्या थांबल्या. पहिल्या उत्तरातलं जे वाक्य मी दोनदा वाचून खूश झालो होतो, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला इतकं लांबलचक का वाटतं?

"चौथा वाचत नाही," मॅडम म्हणाल्या. "दोनच शब्द आहेत. आता मला सांगा, त्या चारशे बारांतले तुमचे किती?"

"एकोणीस," मी म्हटलं.

"कधी कळलं?"

मी फिर्यादीकडे पाहिलं. ती वहीकडे बघत होती. वाट बघत होती, मी सांगतो की तिला सांगावं लागतं. 

"पंचवीस तारखेला. हिनेच सांगितलं होतं."

निकाल पाच मिनिटांत लागला. कुलूप काढायचं. ज्याला जे अक्षर हवं ते त्याने घ्यावं. सगळ्यांना खरोखर एकसारखं लागतं तेवढंच प्रोफाइलमध्ये राहील, आणि ती फिर्याद सांभाळेल. काका राहतील. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवायला तीन आठवडे लागतील. तोवर तपासणीचा कोड त्यांना माणसाने वाचून दाखवायचा.

"मी वाचेन," फिर्याद लगेच म्हणाली.

"तुला नवं काम आहे," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "यांना वाचायची सवय नाही. यांना लागू दे."

सोमवार, ८ एप्रिल

बायकोला सांगितलं की मला आता काकांसोबत तपासणीचं खास काम दिलंय. तिने लाटणं खाली ठेवून सगळं विचारून घेतलं. मीही सांगत गेलो, थांबता येईना. अर्जांपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "तीन पाहा, असं लिहिलंस? ज्याला तीन दिसत नाही त्याला?"

मला हे सुचलंच नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. मग मला वाढलं.  

ऑफिसात खिडक्या परत गुलाबी. मांजर परत आलं. मला ते अजूनही बरं दिसत नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

रोज तीन तास वाचतो. काका सगळं वाचायला लावतात. कंस उघडला, कंस बंद, स्वल्पविराम, मोकळी जागा. घसा बसलाय. पहिल्या दिवशी मला वाटलं ते झोपलेत, म्हणून मी वेग वाढवला, तर डोळे मिटूनच म्हणाले, "गाडी पकडायची आहे का?"

वाचता वाचता एक लक्षात आलं. एवढी वर्षं मी कोडकडे बघत होतो. त्यात लिहिलंय काय, ते या आठवड्यात कळायला लागलं.

आज दवाखान्यांचाच जुना भाग होता. मधल्या नऊ ओळी मी गाळल्या. काकांनी हात वर केला.

"मघाशी एक कंस उघडलास. बंद केला नाहीस."

"सोपं आहे ते, म्हणून सोडलं."

"कुणी लिहिलंय?"

मी कोडच्या वरची नोंद पाहिली. दोन वर्षांपूर्वीचं, माझंच. तेव्हा तपासणीचा नियम नव्हता, आणि मला ते इतकं चांगलं वाटलं होतं की कुणाला तपासायलाही दिलं नव्हतं.

"मी."

"वाच."

वाचायला लागलो. चौथ्या ओळीवर जीभ अडखळली. पुन्हा वाचली, या वेळी हळू. भेट रद्द केलेल्यांना वगळायचं राहिलं होतं. दोन वर्षं, ज्यांनी येत नाही म्हणून कळवलं त्यांनाही आम्ही "वाट पाहत आहोत" असे निरोप पाठवतोय. कुणी तक्रार केली असेल, कुणी चिडून फोन बंद केला असेल. कुणी आठ महिन्यांपूर्वी वारलंही असेल.

काकांना माझ्याआधीच कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. ते बोलले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. बोलले नाहीत. समोर दुसरं कुणी नव्हतं, मॅडम नव्हत्या, तारीख लक्षात ठेवणारंही कुणी नव्हतं, आणि मला कळेना की अशा वेळी एवढं साधं वाक्य बोलायला इतकं जड का जातं.

"काका, इथे चूक आहे," मी म्हटलं. "माझी."

"हं," काका म्हणाले. "पुढे वाच."